भगर धान्यात धरत नाहीत

सकाळी उठल्यावर माणसाला देव आठवावा म्हणतात. मला सुशीला आठवायची. बाहेरगावच्या वाचकांनी लगेच कान टवकारू नयेत. आमच्या मराठवाड्यात सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्ता. कांदा, हिरवी मिरची, डाळव्याचं कूट, वरून लिंबू. पंचेचाळीस वर्षं मी ती पोटभर खाल्ली आणि एका सकाळी ती बंद झाली. पोहे बंद, उप्पीट बंद, इडली बंद, चहात बुडवायचं बटर बंद. भाकरी एक, तीही दुपारी, आणि अर्धी खाल्लीत तर जास्त बरं.

"मग सकाळी खाऊ काय?" मी डॉक्टरांना विचारलं.

"प्रोटीन लीजिए," ते म्हणाले.

प्रोटीन लीजिए! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाव किलो बांधून मिळतं जणू.

हे डॉक्टर हैदराबादचे, किडनीचे. माझ्या किडन्यांना काही झालेलं नव्हतं. त्यातली एक मला अक्काला द्यायची होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला दिलेली. आई उदगीरकडची, त्यामुळं घरात कानडी नाती शिरली होती. ती माझी अक्का, मी तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस चालायचं आणि सुयांनी तिचा डावा हात बघवत नव्हता. दाजींचा रक्तगट जुळत नव्हता. पोरीला नुकतंच बाळ झालेलं. माझं मात्र सगळं जुळलं, एक गोष्ट सोडून. माझी शुगर काठावर होती. डॉक्टर स्पष्ट बोलले: अजून डायबेटीस नाही, पण दारात येऊन उभा आहे. तीन महिन्यांची सरासरी खाली आणा, मग पुढचं बोलू. नाही आली तर मी तुमची किडनी काढणार नाही.

तर असं होतं. अक्काचं पुढचं आयुष्य माझ्या ताटावर येऊन बसलं होतं. दुपारचं आणि रात्रीचं मी निभावून नेत होतो. भाजी वाटीनं खायची, डाळ प्यायची, भाताकडं बघायचं नाही. गाडी अडायची ती सकाळी. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, पहिला तास माझाच असतो. तोंडात काहीतरी टाकून पळायची वर्षानुवर्षांची सवय, आणि आता ते काहीतरीच उरलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात नुसता येरझाऱ्या घालायचो. डबे उघडायचो, झाकायचो, परत उघडायचो.

"अहो, सारखे डबे काय उघडून बघताय?" बायको म्हणायची. "मघाशी रवा होता, आता त्याचं पनीर झालं असेल का?"

माझं टाळकं सटकायचं. पण तिला बोलायची सोय नव्हती. किडनीच्या बाबतीत तिनं ना 'द्या' म्हटलं होतं, ना 'देऊ नका'. रात्री मूग भिजत घालायची आणि सकाळी वाटून धिरडी करायची. तेच तिचं उत्तर, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी मुगाची धिरडी फार छान लागली. चौथ्या दिवशी ताटात हिरवं पायपुसणं वाढल्यासारखं वाटलं. मग पनीर झालं, मोडाची मटकी झाली, दही आणि जवसाची चटणी झाली. खाऊन पोट भरायचं, पण आत्मा उपाशी राहायचा. फळ्यावर गणित सोडवताना माझं वजा-अधिक चुकायला लागलं. एकदा मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "सर, घरी जाऊन जेवून या." सगळा वर्ग हसला, मी सोडून.

राहिलं अंडं. आम्ही लिंगायत, घरात अंड्याचं टरफलही कधी आलेलं नाही. स्टाफरूममधले इतिहासाचे सर रोज उकडलेली अंडी आणायचे, त्यांनी प्रेमानं एक पुढं केलं. मी महादेवाची माफी मागून अर्धं तोंडात घातलं. ते तोंडातच फिरायला लागलं, खाली जाईना. शेवटी उठून बेसिनकडं पळालो.

"राहू द्या सर," ते म्हणाले, "तुमच्या पोटात अजून आजोबा बसलेत."

दर रविवारी मी लातूरला जायचो. पहाटेची गाडी, लोहा, मग अहमदपूर. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की समोर कढईत वडे तळत असायचे आणि मी खिशातले शेंगदाणे चावत खिडकीतून बघत बसायचो. अख्खी बस खाली उतरून खायची. कंडक्टर एकदा म्हणाला, "मास्तर, लई दिस झाले, उतरत न्हाई तुम्ही. भांडण झालं का वडेवाल्याशी?" हाव म्हणालो, लई मोठं भांडण झालंय.

अक्काकडं तर वेगळीच गंमत होती. तिला दही, डाळी, शेंगदाणे, टोमॅटो सगळं मोजूनमापून, आणि पोहे, रवा, भात खुशाल. मला नेमकं उलटं. लहानपणी एका ताटात जेवलेली भावंडं आम्ही, आता एकाचं पथ्य ते दुसऱ्याचं कुपथ्य. अशाच एका रविवारी तिनं विचारलं, "तुला काय काय बंद सांगितलंय रे, तम्मा?"

"तांदूळ, गहू, रवा. दुपारची एक भाकरी सोडली तर सगळं धान्य."

"अन् भगर?"

मी थबकलो. "भगरीचं काही बोलले नाहीत."

"बोलतील कशाला? भगर धान्यात धरत न्हाईत. म्हणून तर उपासाला चालती."

आता सांगताना लाज वाटते, पण एमेस्सी झालेला मी मान डोलावून मोकळा झालो. आमच्याकडं 'उपासाला चालतं' या दोन शब्दांपुढं कुणाची अक्कल चालत नाही. भगर चालते, रताळं चालतं, राजगिरा चालतो. का चालतो, हे कुणी विचारत नाही. उपासाचं ते हलकं आणि हलकं ते चांगलं, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं असतं. त्या सकाळी अक्कानं मऊ भगर केली, वर शेंगदाण्याची आमटी. किती दिवसांनी मी काहीतरी पांढरं, वाफाळतं, चमच्यानं खायचं खाल्लं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. अक्का समोर बसून बघत होती. "खा, खा," म्हणत होती. मी तीनदा वाढून घेतलं.

निघताना तिनं हातात मोठा डबा दिला. भगर, राजगिरा आणि शिंगाडा दळून आणलेलं उपासाचं पीठ, चिकटायला जरा साबुदाणा. "रोज सकाळी दोन धपाटे लावायला सांग तिला. अन् हे राजगिऱ्याचे लाडू. गुळातले हायेत, साखर न्हाई यात."

"गूळ चालतो का हो?" घरी बायकोनं विचारलं.

"अक्कानं दिलेत," मी म्हणालो. विषय संपला. तिचीही मूग वाटायची कटकट गेली होती, तीही फार खोलात शिरली नाही.

मग रोज सकाळी धपाटे आणि चार वाजता लाडू. मी माणसात आलो. वर्गात विनोद करायला लागलो. डबा रिकामा झाला की रविवारी अक्का दुसरा भरून ठेवायची. आजारी बाई, डायलिसिस झालं की दिवसभर उठवत नसे, पण माझं पीठ दळून आणणं एकदाही चुकवलं नाही तिनं. मी येईल त्याला सांगायचो, बहीण असावी तर अशी.

मधल्या तपासणीत सरासरी खाली आली नाही. उलट किंचित वर गेली. मी हादरलो. हैदराबादला फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाता?

"उपवास का, डॉक्टरसाब. फराळ."

"फल? फल बंद कर दीजिए."

मी ठेवला फोन. अर्धापूरच्या केळ्यांचा हंगाम चालू होता, शेजाऱ्यांनी फणी आणून दिली होती. एकही केळं न खाता मी ती परत केली आणि धपाटे खात राहिलो. संध्याकाळी पायी फिरणं दुप्पट केलं. गोदावरीच्या पुलावर जाऊन परत यायचो, तरी जिवाला चैन नाही. घरी आलो की परत चपला घालायचो. काय चुकतंय तेच कळत नव्हतं आणि दिवस तर भराभर चालले होते. माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे, माझ्यामुळं अक्का जाणार, असं मनात यायचं.

एकदा दाजींना लग्नाला जाणं भाग पडलं, म्हणून रजा टाकून अक्काच्या डायलिसिसला मी गेलो. मशीन लावल्यावर मला पडद्याबाहेरच्या बाकावर बसवलं. आत शेजारच्या पलंगावर एक बाई होती, तिच्या नवऱ्याला शुगर. दुसऱ्या दिवशी गुरुवार, त्याचा उपास, त्याला काय करून घालू, असं ती विचारत होती. आणि अक्काचा आवाज आला. माझ्या लहानपणी मला अभ्यासाला बसवताना असायचा तोच ठणठणीत आवाज.

"भगर देऊ नको गं बाई त्याला. भगर म्हंजी भातच, नाव तेवढं बदललेलं. अन् गुळाच्या नादी लागू नको, त्यो साखरेचा सख्खा भाऊ हाय. आमच्या आहाराच्या मॅडमनी पयल्याच दिवशी सांगितलंय मला. दही दे, काकडी दे, मूठभर शेंगदाणे दे."

पहिल्याच दिवशी. म्हणजे पिठाचा पहिला डबा भरायच्या किती आधी. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. रिक्षानं घरी आलो. तिला हात धरून उतरवलं, पलंगावर निजवलं, चादर घातली. थोडी पडू दे, मग बोलू, असं ठरवलं होतं. पण कसलं काय.

"अक्का, तुला माहीत होतं."

"काय?"

"भगरीचं."

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. "हाव. माहीत हुतं."

"मग माझ्या पोटात ते कोंबत का बसलीस? मी इकडं मरमर करून राहिलो, पूल तुडवून तुडवून पायाचे तुकडे पडले, अन् तू डबे भरून विष देऊन राहिलीस?"

"वरडू नको. शेजारी ऐकतेत."

"ऐकू दे!"

ती उठून बसली. डायलिसिसनंतर तिला बसवत नाही, तरी बसली आणि आमच्या वडिलांचं काढलं. "आप्पांचं शेवटचं कोण केलं? मी केलं. तू तवा शिकत हुतास. तुझ्या वयात त्यांची शुगर बी अशीच काठावर हुती. मग पायाचं बोट गेलं, मग डोळे, शेवटाला किडनी. त्यांना दोन हुत्या, दोन पुरल्या न्हाईत. तुला एकीवर किती दिस काढता येतील?"

"डॉक्टर बघून घेतील ते. म्हणून तर तपासण्या करतात."

"तपासणीचं मला सांगू नको. तीन महिने तोंड बांधून तू पास होशील. पोरं परीक्षेपुरता रट्टा मारतेत तसं. अन् पुढं? मास्तर हायेस, तुला कळंना का?"

"पुढचं मी बघीन."

"तू न्हाई बघणार. तुझी बायको बघंल. मी आईचं काय झालं ते बघितलंय."

मी म्हणालो, "सरळ तोंडावर नको म्हणायचं होतंस."

"ऐकला असतास?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली आणि परत आडवी झाली.

दाजी येईपर्यंत मी दाराबाहेर पायरीवर बसलो आणि ते आल्यावर पाणीसुद्धा न पिता निघालो. बसमध्ये माझा राग मावत नव्हता. माझा जीव, माझी किडनी, आणि ठरवणारी ही कोण? लहानपणापासून हेच. माझी शाळा तिनं ठरवली, सायकल कधी घ्यायची ते तिनं ठरवलं, बायकोसुद्धा तीच आधी बघून आली. आता मरायचं कुणी तेही हीच ठरवणार! घरी पोचल्यावर पिठाचा डबा मी कचऱ्यात उपडा केला. बायकोला कारण सांगितलं. तिनं रिकामा डबा उचलून घासायला घेतला. मग म्हणाली, "वन्सं वाईट नाहीत हो." मला तिचाही राग आला.

पुढच्या रविवारपासून मी लातूरला माझा डबा घेऊन जायला लागलो. आमच्याकडं बहिणीच्या घरात बसून आपला डबा उघडायचा, म्हणजे तिच्या तोंडावर तिच्याच घराचं दार आपटायचं. मला ते माहीत होतं, म्हणूनच नेत होतो. मी समोर बसून थंडगार धिरडी चावायचो. ती शेंगदाण्याविना केलेले पोहे खायची. दाजी बिचारे एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "तुम्ही भावंडं येडे झालाव."

खरंच येडाच झालो होतो. जिद्दीला पेटलो होतो. सकाळी मूग, मटकी, दही, कारळाची चटणी, जे समोर येईल ते औषध म्हणून गिळायचो. चवीचा विषय काढायचा नाही. एके दिवशी स्टाफरूममध्ये इतिहासाच्या सरांच्या डब्यातलं अख्खं अंडं उचललं, मीठ-मिरी लावली आणि खाल्लं. सर बघतच राहिले. "आजोबा गेले का?" त्यांनी विचारलं. गावाला गेलेत, म्हणालो. पट्ट्याचं भोक बदललं, गाल बसले. लोक बायकोला हळूच विचारायला लागले, सरांना काही झालंय का. रविवारी अक्काचा हात दिवसेंदिवस आणखी सुजलेला दिसायचा, तिचा श्वास लागायचा, आणि माझा राग अर्ध्यावर येऊन तिथंच अडकायचा. भांडायचं कुणाशी?

शेवटची तपासणी झाली. शनिवारी दुपारी हैदराबादहून फोन आला. सरासरी खाली आली होती, त्यांना हवी होती त्याच्याही खाली. "बहुत अच्छा. अब आप दोनों आ जाइए." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओरडलोच. बायको मूग निवडत होती. तिनं त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "आता द्यायचीच ना?"

"द्यायचीच."

"बरं," ती म्हणाली आणि निवडलेलेच मूग परत निवडायला लागली.

अक्काला मी फोन केला नाही. मला तिचं तोंड बघायचं होतं. पहाटेच्या गाडीनं निघालो, घाईत डबासुद्धा विसरलो. अख्ख्या वाटेत एकच घोकत होतो, हरली अक्का, हरली. आणि ती वाचणार म्हणून इतका आनंद झाला होता की अहमदपूरला त्या वडेवाल्याकडं बघून मी उगाच हात हलवला.

दारातच तव्यावरचा वास आला. अक्का गॅसपाशी उभी होती. हल्ली ती उभी राहून काही करत नसे. एका हातानं ओटा धरला होता, दुसऱ्या हातात उलथनं.

"अक्का, पास झालो!"

"ठावं हाय. डॉक्टरांचा फोन मला बी आलता काल. बस आधी."

मी बसलो. तिनं ताट ठेवलं. मुगाची धिरडी, जाळीदार, कडेनं कुरकुरीत. बाजूला घट्ट दही, जवसाची चटणी, काकडीच्या फोडी. नुसता तूप-जिऱ्याचा घमघमाट. इतके दिवस मी तेच खात होतो, पण असलं धिरडं मला एकदाही मिळालं नव्हतं. माझ्या पथ्याचं सगळं तिला पाठ होतं, एकही गोष्ट चुकीची नव्हती.

"हरलीस ना शेवटी!" मी तोंड भरून म्हणालो. "बघ, आता कशी मुकाट्यानं सरळ वाढायला लागलीस."

ती हसली. मी दुसरं घेतलं. हैदराबादला कधी निघायचं, रेल्वेनं जायचं की गाडी करायची, बोलतच होतो. मग माझी नजर दाजींकडं गेली. ते कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते, खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावून. माझा घास हातातच राहिला. मी पास होईन ही भीती होती तोवर हिनं मला भगर घातली. आज ही मला नीट खाऊ घालतेय. म्हणजे आज तिला ती भीती उरलेली नाही.

"अक्का, डॉक्टरांना काय सांगितलंस तू?"

तिनं तव्यावरचं धिरडं उचलून माझ्या ताटात घातलं.

"न्हाई म्हणून सांगितलं. माझ्या सहीबिगर ते करत नसतेत. गरम हाय तंवर खा, तम्मा. आता रोज हेच खायचं. मी आसले तरी, नसले तरी."

मला रडू आवरेना. ती उलथनं घेऊन समोर उभी होती, मी संपवल्याशिवाय हलणार नव्हती, आणि मी रडत रडत खात राहिलो.